वातन, वाहितमलाचे

मलमूत्र व घरगुती सांडपाणी यांच्या मिश्रणाला वाहितमल म्हणतात. त्यातील सेंद्रिय द्रव्याचे सूक्ष्मजंतूंकरवी विघटन व्हावे म्हणून त्याला कृत्रिम रीतीने हवा वा ऑक्सिजन पुरविण्याच्या क्रियेस वातन ही संज्ञा आहे. शुद्धीकरणाचे खरे काम सूक्ष्मजंतू करतात. अभियंत्याचे काम त्यांना श्वास घेता येईल अशी व्यवस्था करण्याचे असते. ही व्यवस्था वरकरणी साधी वाटली, तरी गेल्या शंभराहून अधिक वर्षांतील वाहितमल शुद्धीकरणाचा इतिहास हा बव्हंशी पाण्यात ऑक्सिजन कसा व किती खर्चात घालावा, या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे. पटल-वातन ही त्यातील अगदी अलीकडची पायरी होय.

अडचणीचे मूळ ऑक्सिजनाच्या अल्प विद्राव्यतेत आहे. २०° से. तापमानास एक लिटर हवेत सुमारे २८० मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, परंतु त्याच हवेच्या सान्निध्यात संपृक्त झालेल्या एक लिटर पाण्यात तो अवघा ९·१ मिग्रॅ. असतो. वायूची विद्राव्यता त्याच्या दाबाच्या प्रमाणात असते, हा विल्यम हेन्री यांचा नियम १८०३ पासून ज्ञात आहे. तापमान वाढले की विद्राव्यता घटते. ३०° से.ला ती सुमारे ७·६ मिग्रॅ. पर्यंत उतरते, उलट सूक्ष्मजंतूंची भूक याच दहा अंशांत सुमारे दीडपट होते. इंग्लंड-जर्मनीसारख्या थंड देशांत आखलेली गणिते मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ती यामुळे.

वाहितमलाचे सामर्थ्य मोजण्यासाठी जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी हे परिमाण वापरतात. ब्रिटनमधील वाहितमल विल्हेवाट आयोगाने (१८९८–१९१५) त्यासाठी पाच दिवसांची मुदत रूढ केली. ब्रिटिश नद्यांचे पाणी साधारणतः पाच दिवसांत समुद्रास मिळते, म्हणून ही मुदत धरली, असे सांगितले जाते. १,४६५ किमी. लांबीच्या गोदावरीस असे गणित लागू करणे कठीणच. भारतात पुढे उष्ण हवामानाचा विचार करून २७° से. तापमानास तीन दिवस ही मुदत प्रमाण मानण्यात आली.

पूर्वपीठिका : नळाचे पाणी घरोघर येण्यापूर्वी वाहितमल असा पदार्थच बहुतेक गावांत नव्हता. बिलोलीसारख्या ठिकाणी पांढरीतील केरकचरा व शेण उकिरड्यात कुजून काळीत जाई, आणि न्हाणीचे पाणी परसातील अळू व केळी यांच्या आळ्यात मुरे. सच्छिद्र मातीतून हळूहळू झिरपणाऱ्या पाण्यास हवा आपोआप मिळते, म्हणून त्या आळ्याला सहसा दुर्गंधी येत नसे. वातनाचे हे सर्वांत जुने व फुकटचे रूप होय. पाण्याचे प्रमाण वाढले आणि घराभोवतीची जागा आटली, तेव्हा ते अपुरे पडले. नांदेड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या राजधानीत मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले व भुयारी गटारांची योजना आखली गेली. गटारांचे पाणी शेतीस देण्याची पद्धती तेथे अनुसरण्यात आली. तालुक्याच्या गावांपर्यंत मात्र अशा योजना पोहोचल्या नाहीत.

मुंबईत याच सुमारास अगदी उलट दिशेचा प्रयोग झाला. एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरन यांनी बंदिस्त मलकुंड प्रचारात आणले होते. त्यानंतर लवकरच माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अनॉक्सिजीवी कुंड बांधण्यात आले (१८९७) व त्यातून निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून वापरण्यात आला. सी. कार्कीट जेम्स या अभियंत्याने पौर्वात्य शहरांच्या जलनिःसारणावरील आपल्या ग्रंथांत मुंबईतील अनुभव नोंदविले आहेत. हवेवाचून होणारे हे विघटन स्वस्त असते, परंतु अपुरे राहते : कुंडातून बाहेर पडणारे पाणी काळसर व दुर्गंधियुक्त असते आणि त्यातील अमोनिया तसाच राहतो. अखेरची सफाई ऑक्सिजनाशिवाय होत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सक्रियित गाळ : नुसती हवा फुंकून वाहितमल शुद्ध करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होते, परंतु त्यांना फार वेळ लागे. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेत गेले असता त्यांनी मॅसॅचूसेट्समधील लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात हवा दिलेल्या वाहितमलाच्या बाटल्या पाहिल्या. परतल्यावर त्यांनी तसे प्रयोग करण्यास सुचविले आणि डेव्हीहूम येथील केंद्रात एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी ते हाती घेतले. पहिल्या खेपेस अमोनियाचे पूर्ण नायट्रीकरण होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. तोवरचे प्रयोगकर्ते तळाशी बसलेला गाळ टाकून देत. या दोघांनी वरचे स्वच्छ पाणी तेवढे काढून घेतले, गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे वाहितमल ओतले. ही कृती पुनःपुन्हा करताच गाळ वाढत गेला आणि पाच आठवड्यांचे काम काही तासांत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी मँचेस्टर येथे हा शोध जाहीर केला व त्या गाळास ‘सक्रियित’ हे विशेषण दिले. हा गाळ म्हणजे जिवंत सूक्ष्मजंतूंचे पुंजकेच होत.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, फाउलर १९१६ मध्ये बंगलोर (आता बंगळूरू) येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे ही पद्धती पाश्चात्त्य देशांत रुजत असतानाच तिचे ज्ञान भारतात आले. टाटांच्या पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या जमशेटपूर येथे ती लवकर वापरात आली. मुंबईत दादर येथील शुद्धीकरण केंद्रातही सक्रियित गाळ पद्धती अवलंबिण्यात आली होती.

बुडबुडे आणि पाती : शोध लागला, पण हवा घालण्याचा खर्च उरलाच. त्यासाठी दोन मार्ग निघाले. एका मार्गात टाकीच्या तळाशी सच्छिद्र चिनी मातीच्या फरश्या बसवून त्यांतून दाबाखाली हवा सोडत. दुसऱ्यात पृष्ठभागावर पाती वा कुंचल्यासारखी दंडगोल साधने फिरवून पाणी हवेत उडवीत. शेफील्ड येथील पाती आणि नेदर्लंड्समधील केसनर यांचा कुंचला ही दुसऱ्या मार्गाची उदाहरणे होत. त्याच देशात पास्फीर यांनी १९५४ मध्ये फोरस्होटन येथे लंबवर्तुळाकार खंदकात पाणी फिरवत ठेवण्याची साधी पद्धती सुरू केली. पृष्ठभागावरील यंत्रे डोळ्यांसमोर असल्याने दुरुस्तीस सोपी असतात. भारतातील नगरपालिकांनी दीर्घकाळ त्यांनाच पसंती दिली, ती या कारणाने. मात्र एक किवॉ.-तास विजेत ती प्रत्यक्ष वापरात साधारण एक किग्रॅ.च ऑक्सिजन पाण्यात घालतात.

बुडबुडा जितका लहान तितके त्याचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने अधिक. ६ मिमी. व्यासाच्या बुडबुड्याऐवजी तेवढीच हवा २ मिमी. व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली, तर स्पर्शपृष्ठ तिप्पट होते. या साध्या भूमितीवर सूक्ष्म बुडबुड्यांची सर्व तंत्रविद्या उभी आहे. चिनी मातीची छिद्रे गाळाने बुजत, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या जागी बारीक चिरा पाडलेली रबराची पटले आली. हवा येताच चिरा उघडतात व ती थांबताच मिटतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या प्रदेशात हा गुण मोलाचा ठरला. असे असले तरी बुडबुड्याचा मूळ दोष जात नाही. स्वच्छ पाण्यात तो दर मीटर चढणीत आपल्यातील ऑक्सिजनापैकी सुमारे ६ टक्केच पाण्याला देतो. साबण व स्निग्ध द्रव्ये मिसळलेल्या वाहितमलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत घसरते. उरलेला ऑक्सिजन पृष्ठभागावर येऊन हवेत मिसळतो. तळापर्यंत हवा दाबण्यासाठी खर्चिलेली वीजही त्याबरोबर वाया जाते. सक्रियित गाळ केंद्रात लागणाऱ्या एकूण विजेपैकी साधारणतः निम्मी वा त्याहून अधिक वीज एकट्या वातनास लागते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : नागपूर येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. ज्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने उष्ण प्रदेशास अनुरूप पद्धतींचा पाठपुरावा केला, त्यांत सोली आर्सीवाला यांचे नाव अग्रगण्य आहे. उथळ ऑक्सिडीकरण तलावांत शैवले सूर्यप्रकाशात ऑक्सिजन निर्माण करतात व तो सूक्ष्मजंतूंना मिळतो. विजेची गरजच राहत नाही. जागा मात्र पुष्कळ लागते, आणि रात्री ऑक्सिजनाचा पुरवठा थांबतो. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत विकसित झालेल्या मृदा जैवतंत्रातही माती, वनस्पती व गांडुळे यांच्या साहाय्याने हवा नैसर्गिक रीतीने खेळवली जाते. परसातील अळूच्या आळ्याचे हे शास्त्रशुद्ध रूप म्हणता येईल.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र अग्रेसर राहिला. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा, तर केंद्राचा १९७४ चा आहे. शहरांच्या पातळीवर प्रगती सावकाश झाली. मुंबईत घाटकोपर, भांडुप व वर्सोवा येथे वातित सरोवरे बांधण्यात आली. एकाच टाकीत आळीपाळीने भरणे, वातन, निवळणे व उपसणे या क्रिया करणारी पद्धती गोव्यात पणजी येथे आणि त्यानंतर नवी मुंबईत नेरूळ येथे आली. गंमत अशी की, आर्डर्न-लॉकेट यांच्या मूळ बाटल्यांतील कृती हीच होती. यंत्रनियंत्रण स्वस्त झाल्यावर ती पुन्हा अवतरली. नागपूरच्या भांडेवाडी येथील केंद्रातून शुद्ध केलेले पाणी कोराडी येथील औष्णिक वीज केंद्रास दिले जाते. नांदेडचा समावेश २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात होता आणि २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्या शहराच्या नागरी सोयींकडे विशेष लक्ष पुरविण्यात आले.

पटल-वातन : बुडबुडाच नाहीसा केला तर काय होईल, हा विचार प्रथम प्लॅस्टिकच्या युगात शक्य झाला. १९६० मध्ये अमेरिकेतील शेफर, लडझॅक व एटिंजर यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यातून ऑक्सिजन पाण्यात झिरपवून वाहितमल शुद्ध करण्याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पापुद्र्याच्या पाण्याकडील बाजूस जंतूंचा बुळबुळीत थर चढतो, हेही त्यांना दिसले. आजच्या पद्धतीचा कणा हा थरच आहे, परंतु त्याचे महत्त्व ध्यानात येण्यास आणखी काही दशके लागली. पुढे सिलिकोन व तत्सम बहुवारिकांचे केसासारखे पोकळ तंतू बनविता येऊ लागले आणि १९८० नंतरच्या दशकात या विषयास वेग आला. १९८८ मध्ये टिंबरलेक, स्ट्रँड व विल्यमसन यांनी अशा एकाच थरात सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण, नायट्रीकरण व विनायट्रीकरण या तिन्ही क्रिया होऊ शकतात, हे दाखविले.

पद्धतीचे मर्म असे : हजारो पोकळ तंतूंच्या जुड्या वा सच्छिद्र पत्र्यांच्या गुंडाळ्या टाकीत बुडवून ठेवतात. तंतूंच्या आतून अल्प दाबाची हवा वाहते. तिच्यातील ऑक्सिजन तंतूच्या भिंतीतून विसरणाने बाहेर पडतो आणि भिंतीवर वाढलेल्या जंतूंच्या थरात थेट शिरतो. पाण्यात विरघळण्याची वाट त्याला पाहावी लागत नाही. हवा पाण्यात फुंकायची नसल्याने वरच्या पाण्याच्या दाबाशी झुंजण्यात वीज खर्ची पडत नाही, आणि हवेतील ऑक्सिजनाचा बराच मोठा भाग उपयोगी पडतो. नेहमीच्या जंतुथरात अन्न व ऑक्सिजन ही दोन्ही पाण्याकडूनच येतात. येथे ऑक्सिजन आतून व अन्न बाहेरून, असे दोन प्रवाह समोरासमोर येतात. भिंतीलगत ऑक्सिजन विपुल व सेंद्रिय अन्न थोडे असल्याने मंदगतीने वाढणारे नायट्रीकारक जंतू तेथे सुरक्षित राहतात. बाहेरच्या भागात ऑक्सिजन संपलेला असतो व तेथील जंतू नायट्रेटापासून नायट्रोजन वायू मुक्त करतात. एरवी ज्यासाठी दोन वेगळ्या टाक्या व पाणी उलट फिरविणारे पंप लागतात, ते काम मिलिमीटरभर जाडीच्याही आत होते.

नावांच्या साम्यामुळे येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. चिरा पाडलेल्या रबरी पटलातून बुडबुडे सोडणे निराळे, पाणी गाळण्यासाठी पटल वापरणारा जैव विक्रियक निराळा आणि पटल-वातन निराळे. दुसऱ्या प्रकारात पटल पाणी गाळते आणि त्याची छिद्रे बुजू नयेत म्हणून उलट अधिक हवा लागते. तिसऱ्यात पटल फक्त श्वसनाचे काम करते.

प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास या पद्धतीस सुमारे अर्धशतक लागले. जंतूंचा थर जाड होऊन तंतू एकमेकांस चिकटणे, तंतूंच्या आत बाष्प साचून हवेचा मार्ग अडणे आणि पटलांची किंमत, या तीन अडचणी होत्या. अधूनमधून मोठे बुडबुडे सोडून थर खरवडण्याची युक्ती पहिल्या अडचणीवर लागू पडली. २०१० नंतर आयर्लंड, इझ्राएल व उत्तर अमेरिका येथील उत्पादकांनी व्यापारी स्वरूपाची साधने बाजारात आणली. चीनमध्ये ती लहान विकेंद्रित वसाहतींसाठीही वापरण्यात आली आहेत. मोठ्या केंद्रांत मात्र संपूर्ण वातन पटलांवर सोपविले जात नाही. जुन्या टाकीतच जुड्या बसवून तिची नायट्रीकरणाची क्षमता वाढवितात. नव्या टाकीस जागा नसलेल्या शहरांना ही सोय मोठी आहे.

लहान गावांचे गणित : १५,००० वस्तीचे एखादे गाव घ्यावे. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी दिले आणि त्याचा ८० टक्के भाग गटारात आला, तर वाहितमल सुमारे १६ लक्ष लिटर होते. लिटरमागे २५० मिग्रॅ. ऑक्सिजन मागणी धरल्यास ही मागणी दररोज सुमारे ४०० किग्रॅ. होते. अमोनियातील प्रत्येक किग्रॅ. नायट्रोजनाच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास ४·५७ किग्रॅ. ऑक्सिजन लागतो, तोही धरला, तर एकूण गरज ८०० किग्रॅ.च्या आसपास जाते. पृष्ठभागावरील यंत्रांस त्यासाठी दररोज सुमारे ८०० एकक वीज लागेल, सूक्ष्म बुडबुड्यांस त्याच्या निम्मी. पटल-वातनाचे उत्पादक एककामागे पाच किग्रॅ. वा अधिक ऑक्सिजनाचा दावा करतात; तो खरा धरल्यास १६० एकक पुरावे. लहान नगरपरिषदेच्या विजेच्या देयकात हा फरक उपेक्षणीय नाही. बांधलेले केंद्र वीज परवडत नाही म्हणून बंद ठेवणे, हा भारतातील वाहितमल शुद्धीकरणास जडलेला जुना रोग आहे. काही तास हवा मिळाली नाही, तरी सक्रियित गाळ सडू लागतो.

परंतु वाचलेल्या विजेचे मोल पटलांच्या किंमतीतून वजा करावे लागते, आणि ती काही वर्षांनी बदलावीही लागतात. शिवाय मराठवाड्यातील लहान नगरपरिषदांच्या गावांत सांडपाणी बहुधा उघड्या गटारांनी वाहते व शौचालये शोषखड्ड्यांस जोडलेली असतात. वाहितमल एकत्र गोळा करणारी गटारेच नसतील, तर वातनाची निवड हा पुढचा प्रश्न ठरतो. जमीन व ऊन मुबलक असलेल्या बिलोलीसारख्या ठिकाणी तलाव वा मृदा-पद्धती अधिक सयुक्तिक दिसते. पटल-वातनास खरा वाव नांदेडसारख्या दाट वस्तीच्या शहरांत आहे. या मताला एक अपवाद करावा लागतो. उघड्या तलावातून पुष्कळ पाण्याची वाफ होते, आणि मांजरा खोऱ्यात ती चैन नेहमी परवडत नाही. याच नदीच्या वरच्या अंगास असलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे शुद्ध केलेले पाणी पुन्हा वापरायचे असेल, तेथे बंदिस्त व अल्प जागेतील पद्धतीचे पारडे जड होते. नायट्रोजनाचाही प्रश्न आहे : २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांबाहेर ऑक्सिजन मागणीची मर्यादा ३० मिग्रॅ. ठेवली, परंतु २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अधिक कडक मानकांचा आग्रह धरला. अमोनिया व नायट्रेट दोन्ही काढायचे झाल्यास साधे तलाव अपुरे पडतात.

शुद्ध न झालेल्या सांडपाण्याचा भार शेवटी नदीवर पडतो. वाहती नदी खळखळाटातून हवेतील ऑक्सिजन घेत असते. स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायओ नदीच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये या क्रियेचे समीकरण मांडले. पाणी अडविले की हे नैसर्गिक वातन मंदावते. नांदेडच्या खालच्या अंगास, बिलोलीच्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी येथे बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निर्णयानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवले जातात. दरवाजे मिटल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत साठलेल्या पाण्यास हवा मिळते ती मुख्यतः वाऱ्याने उठणाऱ्या लाटांतून व शैवलांपासून.